पेठच्या घाटात थांबणारी गाडी

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार. राजुरी

आज गाडी दारात आली. पांढरी, बारा-तेरा वर्षं वापरलेली. मागच्या दाराला पोचा आहे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं कुलूप आधीच्या मालकानेच मोडून ठेवलंय, नुसतं फिरवलं की निघतं. आपल्यासारख्या शाळामास्तराला गाडी हवी का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं. नंदाला दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला डायलिसिसला न्यायचं, तर एसटी आता जमत नाही. परवा परत येताना ती चाकणपासून नारायणगावपर्यंत उभी होती. किडन्या गेलेल्या बाईचं दुखणं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कुणी जागा देत नाही.

नंदा माझी धाकटी बहीण. सासरच्यांनी "माहेरी दवापाणी बरं व्हईल" असं म्हणून आणून सोडली, ती सोडलीच. माझं लग्न राहून गेलेलं. घरात आई, मी आणि ती.

आमचं मूळ मेंढपाळाचं घर, देव खंडोबा. हळदीच्या भंडाऱ्याची कापडी पिशवी आईच्या कमरेला कायम असते. तिने नारळ फोडला. चाकांना, काचेला, नंदाच्या आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. मग गाडीच्या मागे बराच वेळ काहीतरी करत होती.

"आये, तिकडं काय शेपूट हाय का तिला?" नंदाने विचारलं.

"शेपटाकडंच तोंड हाय हिचं. तू गप बस."

नंदा हसली. फार दिवसांनी हसली. मीही हसलो. मेंढरू आजारी पडलं की वडील त्याच्या कपाळाला भंडारा लावून एक चिमूट जिभेवर ठेवायचे, "पोटात गेला तर गुण" म्हणायचे. ते आज का आठवलं कोण जाणे.

माझ्या पांढऱ्या शर्टावर भंडारा सांडला. धुवायला निघालो तर आई ओरडली, "साबन नको लावू, लाल व्हईल! उन्हात टाक, जातंय."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो आणि आलो. गाडीने कुरकुर केली नाही. नंदा मागच्या सीटवर आडवी होऊन आली. मुख्याध्यापकांनी माझे तास बाकीच्या दिवसांत बसवून दिले आहेत, त्यांचे उपकार. आईला म्हटलं, गाडी छान चालली. ती म्हणाली, "मंग? उगं लावलाय व्हय भंडारा?"

६ डिसेंबर, शुक्रवार

मंचर सोडून पेठच्या घाटाला लागलो आणि अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. मला गाडीतलं काही कळत नाही. बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो, कारण तसं करायचं असतं. नंदा रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. "हितनं आपलं समदं खोरं दिसतंय की रं दादा," म्हणाली. मला खोरं बघायला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने सहज चावी फिरवली तर चालू! जणू काही झालंच नव्हतं. दवाखान्यात उशीर झाला, नंदाला मशीनवर कमी वेळ मिळाला.

२२ डिसेंबर, रविवार

आळेफाट्याचा सावळेराम फिटर मोठा बोलका माणूस आहे. गाडीचं ऐकायच्या आधीच निदान करून मोकळा होतो. "सर, म्हातारी हाय ही. चढाला दम लागतोय. कार्बोरेटर खोलू." खोलला. आत पिवळसर चिखल होता. त्याने बोटावर घेऊन मला दाखवला. "ही बघा भेसळ! कुटल्या पंपावर भरता? काय कालवत्यात राव आजकाल, देवालाच ठावं."

कार्बोरेटर नवा बसवला. पंप बदलायचा ठरवला. आईला सांगितलं की पेट्रोलमध्ये भेसळ होती. तिला फार वाईट वाटलं. "माणसं जनावराच्या चाऱ्यात बी घाण घालत्याल," म्हणाली.

१४ जानेवारी १९९७, मंगळवार. संक्रांत

नवा कार्बोरेटर, दुसरा पंप, आणि तोच घाट, जवळजवळ तोच दगड. नंदाने पदरातून तिळाची वडी काढली, अर्धी मला दिली, अर्धी बॉनेटवर ठेवली. "घे बाई, ग्वाड बोल."

मी चिडलो होतो, गाडीवर. पण आवाज तिच्यावर चढला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तिच्यावर का ओरडतो? तिचं बी माज्यासारखंच झालंय. गाळायचं यंत्र बिघडलंय तिचं."

 मी म्हटलं, "पाणी पिऊ नकोस जास्त." तिला दिवसाला दोन पेलेच पाणी चालतं. हे तिला माहीत आहे, मी सांगायची गरज नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या मोठ्या गॅरेजात गाडी चार दिवस ठेवली. तिथल्या माणसाने टाय लावला होता, सावळेरामला हसला, आणि पेट्रोल पंप, कॉइल, वायरिंग सगळं बदललं. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही. आईने न सांगता शेवटच्या दोन मेंढ्या विकल्या. वडील गेल्यावर आठवणीला म्हणून ठेवल्या होत्या. मी रागावलो तर म्हणाली, "मेंढरं काय पुण्याला नेत्यात व्हय नंदीला?"

एक विचार येतो, तो लिहून टाकतो. मी दर खेपेला भाड्याची जीप का करत नाही? एकदा केली होती, नंदाला तिसऱ्या रांगेत कोंबून बसवली. पण खरं कारण तेच आहे का? गाडी घेतल्यावर गाव म्हणालं होतं, मास्तर गाडीवाले झाले. बंद गाडी दारात दिसू नये, असं तर मला वाटत नाही ना? वाटत असावं थोडं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थांबली. आता आई निघताना आधीपेक्षा जास्त वेळ लावते. गाडीला ओवाळते, फेरी मारते, मागे जाऊन देवाचं नाव घेते. मला घाई असते. आज मी हॉर्न वाजवला. वाजवायला नको होता.

१६ मार्च, रविवार

सावळेरामने टाकीच खाली उतरवली. आत जाळीवर पिवळा थर होता, पिठलं करपल्यासारखा. "आता सापडलं बघा सर मूळ! जुन्या मालकानं कुटलं पेट्रोल पाजलं देव जाणं." टाकी धुऊन उन्हात वाळवली. टाकीच्या तळाला एक बूच आहे, ते कसं उघडायचं हेही त्याने दाखवलं. मी लक्ष दिलं नाही. मूळ सापडलं म्हटल्यावर त्याची गरज काय?

१ एप्रिल, मंगळवार

दोन आठवडे सुरळीत. नंदाचा चेहरा उतरलेला होता, तो जरा भरल्यासारखा वाटतो. की सूज आहे? तिच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. घाटात त्या दगडापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "आज न्हाई का थांबायचं? मला सवय लागली रं." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस.

२२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा थांबली. पुन्हा तीच तऱ्हा, उन्हात ताटकळलो, मग आपोआप चालू झाली. पोचलो तेव्हा आमचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. सिस्टरचा दोष नाही, रांगेत माणसं आहेत. शुक्रवारी लवकर या, म्हणाल्या. परत आलो.

नंदाला उशाशी तीन उशा लागतात आता. आडवी झाली की धाप लागते. उद्या जीप बघतो. पण लग्नसराई आहे, गावातल्या भिकाची भाड्याची जीप वऱ्हाडाला दिलेली आहे.

९ मे, शुक्रवार

लिहायचं ठेवलं होतं. आज शुक्रवार आहे आणि मला कुठेही जायचं नाही, म्हणून लिहितो.

२५ एप्रिलला पहाट फुटताच निघालो. नंदाला बसवत होतो तेव्हा आई गाडीमागून पुढे आली. दोन्ही हात पिवळेजर्द. नंदाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आज हात राखला न्हाई म्या. बघ, न्हाई थांबायची."

घाटाच्या पायथ्यालाच थांबली. चढाला लागलीही नाही. नंदा बसल्या जागी पुढे वाकून श्वास घेत होती. या वेळी दगडावर जाऊन बसली नाही. "दादा, ऊन लागतंय," एवढंच म्हणाली. ऊन तिच्यावर नव्हतं. मी गाड्यांना हात करत रस्त्यात उभा राहिलो. टोमॅटोचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने क्लीनरला मागे क्रेटवर बसवलं आणि नंदाला पुढे घेतलं. भला माणूस. त्याचं नाव विचारायचं राहिलं. चाकणपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मध्येच म्हणाली, "गाडीला एकटीला सोडून आलो रं आपण."

मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरांना मी विचारलं, मंगळवारी झालं असतं तर? शुक्रवारी वेळेत आलो असतो तर? ते तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाले, "छातीत पाणी भरलं होतं, हृदय थकलं होतं. दोन वेळा चुकल्या नसत्या तर काही दिवस, काही महिने... नक्की असं सांगता येत नाही." नक्की सांगता येत नाही, हे वाक्य मी घरी आणलं नाही. आईला सांगितलं, डॉक्टर म्हणाले की काही उपाय नव्हता.

सावळेरामने गाडी ओढून नेली, टाकी पुन्हा धुतली, आणि मजुरी घेतली नाही.

आईने भंडाऱ्याची पिशवी कमरेची सोडून देवघराच्या खुंटीला अडकवली आहे. तिची कमर रिकामी बघायची मला सवय नाही.

२० जुलै, रविवार

गाडी आता थांबत नाही. शाळेच्या कामाने एकदा मंचरला, तीनदा पुण्याला जाऊन आलो. घाट एका दमात चढली. कशाने बरी झाली? कार्बोरेटर, पंप, वायरिंग, टाकी, सगळं तर आधीच झालं होतं. सावळेराम म्हणतो, "आपल्या हाताला यश हाय सर, जरा उशिरा येतंय." तो गमतीने म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून हातातला पाना पुसायला लागला.

त्या दगडापाशी मी गाडी हळू करतो. थांबत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मंचरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. निघताना पाहतो तर आईच्या कमरेला पिशवी. फार बरं वाटलं. म्हणाली, "सपनात नंदी आली व्हती. म्हणली, दादाला तरी नीट जाऊं दे." चाकांना, काचेला, माझ्या कपाळाला लावून ती मागे गेली. आज घाई नव्हती. आरशात पाहिलं.

तिने टाकीचं झाकण फिरवून काढलं, पिशवीत हात घातला आणि चिमूट आत सोडली. मग दुसरी.

मी उतरलो. "आई, काय करतेस?"

"चारते तिला."

"हे आधीपासून?"

"तर! नंदीच्या येळंला तर दर खेपंला. जनावराला नुसता कपाळाला लावून भागतंय व्हय? पोटात जाया पायजे. तुजा बा न्हाई का घालायचा?"

"हो. घालायचे."

"मंग? जा आता. नीट जा."

गेलो. कळंबच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली. ती थांबली नव्हती. मी थांबवली.

१७ सप्टेंबर, बुधवार

ही डायरी मागे जाऊन वाचली. पिवळसर चिखल. पिवळा थर. शेपटाकडंच तोंड. दोन्ही हात पिवळेजर्द. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी सगळं नोंदवलं आणि काहीच पाहिलं नाही. आई गाडीमागे काय करते, हे एकदा उतरून बघितलं असतं तर? त्याऐवजी मी हॉर्न वाजवला.

एक क्षण मला आईचा राग आला. तो आला हे इथे लिहिलं पाहिजे. आज सकाळी ती भाकरी थापत होती, तिच्या नखांच्या कडांना पिवळी रेघ होती, आणि मला तो हात बघवेना. दुपारपर्यंत राग गेला. कुठे गेला ते समजलं नाही. माझ्याच अंगावर आला असेल.

सांगायचं का? वर्गात मी मुलांना खोटं बोलू देत नाही. पण सांगून काय होईल? ज्या हाताने तिने नंदाला जपलं, त्याच हाताने... पुढचं वाक्य मी कागदावरसुद्धा लिहू शकत नाही, तर तिच्यासमोर कसं बोलू? तिची सत्तरी उलटली आहे. तिच्याजवळ आता देव आणि मी एवढंच उरलंय.

झाकणाला कुलूप बसवलं तर ती विचारेल, का बसवलं?

आणि न सांगितलं तर ती चारत राहणार. राहू दे. टाकीच्या तळाचं बूच उघडून थोडं पेट्रोल सोडलं की गाळ निघून येतो, असं सावळेराम म्हणाला होता. आता नीट शिकून घेतो. दर रविवारी मी काढत जाईन. ती घालेल, मी काढेन. आता कुणाला वेळेत पोचायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आईने विचारलं, गाडीखाली काय करतोस? म्हटलं, पंपावरच्या पेट्रोलमध्ये भेसळ असते, गाळ काढावा लागतो. डिसेंबरात मी तिला हेच म्हणालो होतो, तेव्हा मला ते खरं वाटत होतं. वाक्य तेच आहे. आज ते खोटं आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

बुचाखाली जर्मनची वाटी धरली. पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून रुमालातून गाळून परत टाकीत ओतलं. रुमालावर पिवळा गाळ राहिला, चांगला चमचाभर. तो मातीत झटकत होतो, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. घाईघाईने रुमाल पँटच्या खिशात कोंबला. चहाला पेट्रोलचा वास येत होता, माझ्याच हातांचा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मोठीच चूक होता होता राहिली. तो रुमाल खिशातच विसरलो आणि पँट धुण्यात गेली. शाळेतून येताना आठवलं, तसा सायकल दामटत आलो. रुमाल दोरीवर वाळत होता. हातात घेऊन नीट पाहिला. पिवळं कुठेच काही नव्हतं. एक मोठा लाल डाग होता. सहामाहीचे पेपर तपासायचं लाल पेन त्याच खिशात असतं, शाई फुटली असणार. जीव भांड्यात पडला.

आई उंबऱ्याशी बसली होती. पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली तशीच. म्हटलं, "पाणी टाकू का?" ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे." रात्री जेवली नाही. भूक न्हाई, म्हणाली. हवा बदलली आहे, गावात बऱ्याच जणांना ताप आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आईला ताप नाही. पण सकाळी उठलो तेव्हा ती गाडीपाशी होती. टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभी. मला पाहून पदराने झाकण पुसायला लागली. "धूळ लई बसती," म्हणाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी गेली. भाऊबीजेला आईने रिकामा पाट मांडला आणि मग उचलून ठेवला.

दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. तिने एकदम विचारलं, "गोरख, नंदीचं डाक्टर काय म्हणला व्हता रं? खरं सांग."

"सांगितलं की तुला. किडन्याच गेल्या होत्या. काही उपाय नव्हता. गाडीचा काही संबंध नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग शेंगांकडे पाहून म्हणाली, "व्हय. गाडीचा काय संबंध."

आता लिहिताना ध्यानात येतंय की तिने गाडीचं नावही काढलं नव्हतं. मीच का बोललो? खोटं बोलणाऱ्या माणसाचं असं होतं. मुलांना मी अशाच ठिकाणी पकडतो. सुदैवाने तिच्या काही लक्षात आलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चार-पाच आठवडे झाले, गाळ कमी होत होत आज जवळजवळ नाहीच. म्हणजे आईने टाकीत भंडारा घालणं सोडलं. मला काळजी वाटली. देवावरचा तिचा विश्वास उडाला की काय? काल मी निघताना तिने कपाळाला लावला, काचेला लावला, चाकांना लावला आणि मागे न जाता दारात उभी राहिली. मला राहवलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून मीच म्हटलं, "आई, आज चारायचं नाही का तिला?"

तिने पदर तोंडाला लावला. खोकला आला असावा. मग म्हणाली, "तोंडात घालायचं ते आजारी जनावराच्या. बऱ्या जनावराच्या न्हाई घालत. गाडी बरी हाय न्हवं आता?"

"हो, बरी आहे."

"मंग भायेरनंच बास."

बरोबरच आहे. वडीलही निरोगी मेंढराला कधी चारत नसत. तिच्या शास्त्रात हे बसतं, मी उगीच काळजी करत होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

चंपाषष्ठी तोंडावर आली. सकाळी भिका जीपवाला दारात आला, देवाला जायला कोण कोण येणार ते विचारायला. मी गाडीखाली होतो. त्याचा आवाज ऐकू आला.

"आजे, मास्तरांची गाडी आता थांबत न्हाई म्हणं. काय झालं व्हतं ओ तिला एवढं? एवढं फिटर केलं..."

मी बाहेर यायला धडपडलो. हातात वाटी, बूच उघडं. काय उत्तर द्यायचं ते जुळवत होतो, तोवर आई बोलली. तिचे पाय मला गाडीखालून दिसत होते. हलले नाहीत.

"पेट्रोलात भेसळ व्हती," ती म्हणाली. "पंपावाल्याची. आमच्या गोरखनं शोधून काढली."

"अरारा! माणसं बी कशी असत्यात बघा."

"व्हय बाबा. पर त्याला तरी काय ठावं, कुणाच्या गाडीत जातंय ते."

भिका गेला. मी तसाच पडून राहिलो. माझं खोटं तिने किती सरळपणे, किती विश्वासाने उचललं. याची लाज वाटावी की समाधान, ते ठरवता येत नाही. दोन्ही लिहून ठेवतो. पण समाधान जास्त आहे. तिला कळलेलं नाही. आणि मी आहे तोवर कळणार नाही.

बूच लावलं आणि पेट्रोलची वाटी गाडीखालून बाहेर काढली. उन्हात धरून पाहिलं. तळाला कणही नव्हता. खरं तर आता दर रविवारी हे करायची गरज उरलेली नाही. तरी करतो. आई दारात उभी राहून बघते, रुमाल मात्र तीच आणून देते, धुतलेला, घडी घातलेला.

"निघालं का काय?" तिने विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

ती खाली वाकली, गुडघे दुखतात तरी वाकली, आणि वाटीत स्वतः डोकावून पाहिलं. खूप वेळ पाहत होती.

"बरं झालं," म्हणाली. "ऊठ आता. जमीन गार हाय."